एरिथ्रोपोएटिन आणि दृष्टिपटलातील विकृत रक्तवाहिनीनिर्मिती : एक विवेचन

सारांश

एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढविते, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे साधारणपणे करून दिली जाते. २००५ पासूनच्या संशोधनाने मात्र हेच संप्रेरक डोळ्याच्या दृष्टिपटलावर उगवणाऱ्या विकृत रक्तवाहिन्यांनाही बळ देते, असे दाखवून दिले. मधुमेही रुग्ण व अपुऱ्या दिवसांची बालके या दोन उदाहरणांच्या आधारे, या संप्रेरकाचे डोळ्यातील हिताहित ते रोगाच्या कोणत्या टप्प्यावर उपस्थित आहे यावर अवलंबून असते, हा विचार प्रस्तुत लेखात मांडला आहे.

बीजशब्द : एरिथ्रोपोएटिन, दृष्टिपटल, नवरक्तवाहिनीनिर्मिती, मधुमेह, मुदतपूर्व जन्म, प्राणवायूची कमतरता.

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात अंतःस्रावी ग्रंथी हे प्रकरण शिकविताना पियुषिका, अवटू, अधिवृक्क आणि स्वादुपिंड यांना आपण भरपूर तासिका देतो. मूत्रपिंडाच्या वाट्याला मात्र शेवटच्या दोन ओळी येतात. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक स्रवते व त्यामुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होतात, एवढे सांगून प्रकरण संपते. काही वर्षांपूर्वी याच दोन ओळी सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. तिच्या वडिलांना मधुमेह होता, मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते आणि रक्त वाढावे म्हणून याच संप्रेरकाची इंजेक्शने दिली जात होती. त्यातच त्यांच्या डोळ्यात रक्तस्राव झाला. "सर, रक्त वाढविणाऱ्या इंजेक्शनाचा आणि डोळ्यातल्या रक्तस्रावाचा काही संबंध असतो का?" असा तिचा सरळ प्रश्न होता. प्रस्तुत लेखकाजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. पाठ्यपुस्तकातही ते नव्हते. त्या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचन झाले त्याची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न एका कुटुंबापुरता मर्यादित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. त्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेह जितका जुना होतो तितकी मूत्रपिंड आणि दृष्टिपटल या दोहोंना इजा होण्याची शक्यता वाढते, आणि पुष्कळदा ही दोन्ही दुखणी एकाच देहात एकत्र नांदतात.

संप्रेरकाची ओळख

रक्तातील तांबड्या पेशी कमी झाल्या की शरीर त्या भरून काढते, हे जुने निरीक्षण आहे. ही भरपाई घडवून आणणारा एखादा पदार्थ रक्तातूनच फिरत असावा, ही कल्पना पॅरिसमध्ये पॉल कार्नो व त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनी १९०६ मध्ये मांडली. रक्त काढून घेतलेल्या सशाचा रक्तद्रव दुसऱ्या सशाला टोचला असता त्याच्या तांबड्या पेशी वाढतात, असा त्यांचा दावा होता. इतरांना तो प्रयोग नीट जुळवून दाखविता येईना, त्यामुळे ही कल्पना बराच काळ संशयित राहिली. 'एरिथ्रोपोएटिन' हे नाव १९४८ मध्ये फिनलंडमधील बोन्सडॉर्फ व यालाव्हिस्टो यांनी दिले आणि १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी अशा पदार्थाचे अस्तित्व निर्णायकपणे दाखविले.

पदार्थ आहे हे ठरले, पण तो हाती येत नव्हता. शिकागोचे यूजीन गोल्डवासर यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेला शोध १९७७ मध्ये फळाला आला. जपानमधील ताकाजी मियाके यांनी अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांचे तब्बल २,५५० लिटर मूत्र जमविले होते, आणि त्यातून जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक मिळाले. एवढ्याशा ऐवजावर पुढचे सारे उभे राहिले, हे वाचताना आजही नवल वाटते. पुढे फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केले, प्रयोगशाळेतील पेशींकडून हे संप्रेरक तयार करून घेता येऊ लागले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. मूत्रपिंड निकामी झालेल्या ज्या रुग्णांना तोवर वारंवार रक्त चढवावे लागे, त्यांच्यापैकी अनेकांची त्यातून सुटका झाली.

रासायनिक दृष्ट्या एरिथ्रोपोएटिन हे १६५ अमिनो आम्लांचे, शर्करेच्या साखळ्या जोडलेले प्रथिन आहे. गर्भावस्थेत ते मुख्यतः यकृतात तयार होते व जन्माच्या सुमारास ही जबाबदारी मूत्रपिंडाकडे जाते. हे स्थलांतर पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या संदर्भात महत्त्वाचे ठरणार आहे.

या संप्रेरकाची निर्मिती रक्त किती आहे यावरून ठरत नाही, तर पेशीला प्राणवायू किती मिळतो यावरून ठरते. प्राणवायू पुरेसा असताना पेशीतील काही विकरे 'एचआयएफ' या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनावर खूण करतात आणि खूण झालेले प्रथिन लगेच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला की ही खूण होत नाही, ते प्रथिन टिकून राहते, पेशीकेंद्रात जाते आणि अनेक जनुकांना जागे करते. एरिथ्रोपोएटिनचे जनुक हे त्यांतील एक. किंबहुना या जनुकाचा अभ्यास करतानाच ग्रेग सेमेन्झा यांना हे प्रथिन सापडले. या यंत्रणेच्या उलगड्याबद्दल सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयएफ ज्या जनुकांना जागे करते त्यांत रक्तवाहिन्यांची वाढ घडविणाऱ्या 'व्हीईजीएफ' या प्रथिनाचेही जनुक आहे. म्हणजेच रक्तपेशी वाढविण्याचा निरोप आणि रक्तवाहिन्या वाढविण्याचा निरोप हे दोन्ही एकाच कारणाने सुटतात. डोळ्यातील घटना समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी आवश्यक आहे.

दृष्टिपटल आणि त्याची प्राणवायूची गरज

दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतील भिंतीवरचा चेतापेशींचा पातळ पडदा होय. वजनाच्या मानाने पाहता शरीरात सर्वाधिक प्राणवायू खर्च करणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळते. बाहेरच्या थराला मागील रंजितपटलातून, तर आतल्या थराला त्याच्या स्वतःच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यातून. मधुमेहात हे आतले जाळेच खराब होते. केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंती पाझरू लागतात आणि हळूहळू वाहिन्यांचे पट्टेच्या पट्टे बंद पडतात. ज्या भागाचे रक्त तुटले तो भाग लगेच मरतो असे नाही. तो जिवंत राहतो, पण उपाशी राहतो. आणि उपाशी ऊती वर सांगितलेले निरोप सोडू लागते.

या निरोपांना प्रतिसाद म्हणून नव्या रक्तवाहिन्या उगवतात. हेतू चांगला, पण फळ वाईट. या वाहिन्या उपाशी भागात शिरून त्याला रक्त पुरविण्याऐवजी दृष्टिपटलाचा पृष्ठभाग सोडून डोळ्याच्या पोकळीतील काचाभ द्रवाच्या दिशेने वाढतात. त्यांच्या भिंती नाजूक असतात. त्या फुटल्या की काचाभ द्रवात रक्त पसरते व दृष्टी एकाएकी अंधारते. कालांतराने त्यांच्याबरोबर तंतुमय ऊती वाढते, ती आकसते आणि दृष्टिपटलाला ओढून भिंतीपासून सोडविते. यावर दीर्घकाळ मुख्य उपाय होता तो लेझरचा. दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर शेकडो ठिकाणी चटके देऊन उपाशी ऊतीचा काही भाग जाणूनबुजून नष्ट करायचा, म्हणजे तिची मागणी घटते व नव्या वाहिन्या ओसरतात. या उपायाने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने दाखविले. उपाय परिणामकारक आहे यात शंका नाही. मात्र मधले पाहणे वाचविण्यासाठी कडेचे पाहणे काही अंशी गमवावे लागते.

अज्ञात घटकाचा माग

उपाशी दृष्टिपटल एखादा विरघळणारा पदार्थ सोडत असले पाहिजे, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. त्याला 'एक्स' घटक असे नाव पडले. हा घटक प्रत्यक्ष कोणता, हे कळण्यास मात्र चार दशके लागली. बोस्टनचे लॉइड पॉल आयलो व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात व्हीईजीएफचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखविले, आणि मायकेलसनचा घटक सापडला असे सर्वांना वाटले. व्हीईजीएफला अडविणारी औषधे आता डोळ्यात टोचली जातात व त्यांनी असंख्य रुग्णांची दृष्टी राखली आहे.

तरीही व्हीईजीएफ हे संपूर्ण उत्तर नव्हते. त्याला अडवूनही काही रुग्णांमध्ये विकृत वाहिन्या पुरत्या आटोक्यात येत नाहीत. दुसरा एखादा सोबती असावा, ही शंका त्यामुळे रास्त होती. एरिथ्रोपोएटिनकडे बोट दाखविणारा एक धागाही होता. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर देणाऱ्या पेशींवर या संप्रेरकाचे ग्राही असतात व त्याच्या सान्निध्यात या पेशी वाढतात आणि सरकतात, हे १९९० मध्येच नोंदविले गेले होते. जो निरोप केवळ अस्थिमज्जेसाठी आहे असे मानले जात होते, तो रक्तवाहिन्यांनाही ऐकू येत होता.

क्योटोचा अभ्यास

२००५ मध्ये जपानमधील दाइसुके वातानाबे, हितोशी ताकागी व सहकाऱ्यांनी या शंकेची तपासणी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. नवरक्तवाहिन्यांच्या टप्प्यावर पोहोचलेल्या ७३ मधुमेही रुग्णांच्या आणि मधुमेह नसलेल्या, अन्य कारणाने शस्त्रक्रिया झालेल्या ७१ व्यक्तींच्या काचाभ द्रवाचे नमुने त्यांनी तपासले. एरिथ्रोपोएटिनचे मध्यक प्रमाण मधुमेही गटात दर मिलिलिटरमागे ४६४ मिलियुनिट, तर दुसऱ्या गटात ३६.५ मिलियुनिट आढळले. म्हणजे जवळपास तेरापट. व्हीईजीएफही वाढलेले होतेच. परंतु सांख्यिकीय विश्लेषणात दोन्ही घटकांचा रोगाशी संबंध एकमेकांपासून स्वतंत्र ठरला, आणि एरिथ्रोपोएटिनचा संबंध व्हीईजीएफपेक्षाही अधिक घट्ट निघाला.

येथे एक शंका घेता येते. मधुमेहात दृष्टिपटलातील वाहिन्या पाझरतात. मग हे संप्रेरक रक्तातूनच द्रवात झिरपले नसेल कशावरून? याचे उत्तर आकड्यांतच आहे. निरोगी माणसाच्या रक्तात या संप्रेरकाचे प्रमाण दर मिलिलिटरला साधारणतः पाच ते पंचवीस मिलियुनिट एवढेच असते. डोळ्यातील प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. पाझरून आलेले पाणी उगमापेक्षा उंच चढत नाही, तेव्हा हा स्राव स्थानिक असला पाहिजे. दृष्टिपटल स्वतः एरिथ्रोपोएटिन तयार करते, याचे थेट पुरावेही स्पेन व अन्य देशांतील संशोधकांनी त्याच सुमारास दिले.

तथापि, एखादी गोष्ट रोगासोबत वाढलेली दिसली म्हणजे ती रोगाचे कारण असतेच असे नाही. आग लागलेल्या घराजवळ बंब उभा दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असे कोणी म्हणत नाही. क्योटोच्या गटाने ही मर्यादा ओळखून पुढचे पाऊल उचलले. रुग्णांच्या काचाभ द्रवाच्या सान्निध्यात अस्तरपेशी वाढतात, पण एरिथ्रोपोएटिन अडविले असता ही वाढ मंदावते, असे त्यांना आढळले. उंदरांच्या दृष्टिपटलातही त्याला अडविल्यावर विकृत वाहिन्या कमी उगवल्या. केवळ सहवासापलीकडचा, कार्यकारणाचा पुरावा म्हणून प्रस्तुत लेखकास हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तीन वर्षांनी, २००८ मध्ये, आनुवंशिकतेच्या बाजूनेही आधार मिळाला. एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाच्या नियंत्रक भागात एका ठिकाणी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. त्यातील एक रूप डोळा व मूत्रपिंड या दोहोंच्या गंभीर मधुमेही विकारांशी निगडित आढळले. विशेष म्हणजे मधुमेह नसलेल्या व्यक्तींतही, ज्यांच्याकडे जोखमीच्या रूपाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांच्या काचाभ द्रवात हे संप्रेरक दुसऱ्या रूपाच्या दोन प्रती असलेल्यांच्या तुलनेत साडेसातपट होते.

रक्षक की भक्षक?

आता दुसरी बाजू. झुरिचमधील संशोधकांनी २००२ मध्ये असे दाखविले होते की, उंदरांना आधी कमी प्राणवायूत ठेवले तर त्यांच्या दृष्टिपटलात एरिथ्रोपोएटिन वाढते आणि मग प्रखर प्रकाशाने होणारी प्रकाशग्राही पेशींची हानी टळते. म्हणजे हे संप्रेरक चेतापेशींना मरणापासून वाचविते. एकच रेणू एका शोधनिबंधात रक्षक आणि दुसऱ्यात अपराधी ठरतो, तेव्हा वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

हा गोंधळ बऱ्याच अंशी दूर करणारे काम बोस्टनमधील लॉइस स्मिथ यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत आधी सांगणे इष्ट ठरेल. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या दृष्टिपटलातील वाहिन्या अपुऱ्या असतात, अगदी अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळासारख्या. सातव्या दिवशी पिल्लांना ७५ टक्के प्राणवायू असलेल्या हवेत ठेवतात. प्राणवायूचा सुकाळ झाल्याने वाढीचे निरोप थांबतात आणि कोवळ्या वाहिन्या मिटून जातात. बाराव्या दिवशी पिल्ले साध्या हवेत आणली जातात. आता मिटलेल्या वाहिन्यांच्या जागी दृष्टिपटल उपाशी पडते, निरोपांचा पूर येतो आणि सतराव्या दिवसाच्या सुमारास विकृत वाहिन्यांचे झुबके दिसू लागतात. पहिला टप्पा वाहिन्या गमावण्याचा, दुसरा त्या भलत्याच वाढण्याचा.

जिंग चेन, स्मिथ व सहकाऱ्यांना २००८ मध्ये असे आढळले की, पहिल्या टप्प्यात दृष्टिपटलातील एरिथ्रोपोएटिन खूप घटते आणि दुसऱ्या टप्प्यात ते अनेक पटींनी वाढते. मग त्यांनी हे संप्रेरक बाहेरून देऊन पाहिले. पहिल्या टप्प्यात दिले असता वाहिन्या मिटण्याचे प्रमाण घटले. पुढची उपासमार टळली. चेतापेशींचे मरण कमी झाले. आणि मुळात कारणच न उरल्याने विकृत वाहिन्याही कमी उगवल्या. तेच संप्रेरक दुसऱ्या टप्प्यात दिले तेव्हा हे संरक्षण मिळाले नाही. पुढच्याच वर्षी या गटाने उलट प्रयोग केला. दुसऱ्या टप्प्यात एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाचा निरोप वाटेतच तोडणारा लघु आरएनए डोळ्यात टोचला, तेव्हा विकृत वाहिन्या कमी झाल्या.

या दोन प्रयोगांना शेजारी ठेवले की वरचा विरोधाभास विरघळतो. वाहिन्या शाबूत असताना एरिथ्रोपोएटिन त्यांना टिकवून धरते; वाहिन्या गेल्यानंतर तेच त्यांच्या बेबंद पुनर्वाढीला खतपाणी घालते. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर उभ्या पिकाला दिलेले खत आणि पीक जळून गेल्यावर त्याच रानात टाकलेले खत यांत जो फरक, तोच येथे आहे. दुसऱ्या वेळी फक्त तण माजते.

काचेच्या पेटीतील बाळ

उंदराच्या पिल्लाचा हा नमुना ज्या मानवी रोगावरून घडविला गेला, तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलविकार होय. मानवी गर्भात दृष्टिपटलाच्या वाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यातून निघतात व थेट कडेपर्यंत पोहोचण्यास जवळपास पूर्ण चाळीस आठवडे घेतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाचा कडेचा भाग म्हणून वाहिन्यांविना असतो. १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अशा बाळांतील अंधत्वाचे वर्णन केले. पुढच्या दशकभरात जगभरात सुमारे १०,००० मुले या रोगाने अंध झाली. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये काचेच्या पेटीत मुक्तहस्ते सोडलेल्या प्राणवायूकडे बोट दाखविले, आणि १९५४ च्या सुमारास लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून त्याची यंत्रणा दाखविली. जीव वाचविण्यासाठी दिलेलाच प्राणवायू डोळे घेऊन गेला होता. याच कारणाने, एरिथ्रोपोएटिनसारखे दुसरे उपकारक औषध अशा बाळांना द्यावयाचे म्हटले की बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ सावध होतात.

आणि ते द्यावेसे वाटण्याचे कारण खरे आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते ८५-९० मिलिलिटर, चहाच्या लहान कपात मावेल एवढे. तपासण्यांसाठी दर वेळी घेतलेले एक-दोन मिलिलिटरही त्याला जड जाते. त्यातच एरिथ्रोपोएटिनची निर्मिती अद्याप यकृताकडेच असते आणि यकृत प्राणवायूच्या कमतरतेला मूत्रपिंडाइतक्या तत्परतेने दाद देत नाही. बाळ पांढरे पडते व रक्त चढवावे लागते. इंजेक्शन देऊन हे टाळता आले तर कोणाला नको?

या प्रश्नावर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षण २००६ मध्ये कोक्रेन संस्थेच्या संग्रहात प्रसिद्ध झाले, तेव्हा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच हे संप्रेरक दिलेल्या बाळांत दृष्टिपटलविकाराच्या तिसऱ्या वा त्यापुढील अवस्थेचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले. पुष्कळ ठिकाणी हात आखडता घेतला गेला. नंतर अधिक चाचण्यांची भर पडल्यावर हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या टिकला नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या ९४१ बालकांपैकी काहींना एरिथ्रोपोएटिनच्या मोठ्या मात्रा व काहींना निष्क्रिय औषध देण्यात आले होते. मेंदूच्या संरक्षणाची जी आशा होती ती फोल ठरली. पण दृष्टिपटलविकारातही दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग उंदरातले निष्कर्ष चुकीचे होते काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. पिल्लांमध्ये दोन टप्पे प्रयोगकर्त्याने घड्याळ लावून वेगळे केलेले असतात. बाळात ते वेगळे नसतात. पहिला केव्हा संपला व दुसरा केव्हा सुरू झाला हे बाहेरून कळत नाही, आणि आठवडेच्या आठवडे दिलेले औषध दोन्ही टप्प्यांत पसरते. एका टप्प्यातला फायदा व दुसऱ्यातला तोटा सरासरीत एकमेकांना खोडून काढत असण्याचा संभव नाकारता येत नाही. शिवाय ज्याच्याशी तुलना करावयाची ते रक्त चढविणेही डोळ्याच्या दृष्टीने निर्दोष नाही. प्रौढाच्या रक्तातील हिमोग्लोबिन गर्भाच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक सहज सोडते, त्यामुळे वारंवार रक्त चढविण्याकडेही या रोगाचा एक धोका म्हणून पाहिले जाते. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे.

व्यवहारात मात्र एक गोष्ट वादातीत आहे. औषध दिलेले असो वा नसो, डोळे तपासले गेलेच पाहिजेत. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या दृष्टिपटलाची पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावयास हवी, फार लहान बाळांची त्याहूनही लवकर. अमेरिकेतील वजनाची मर्यादा १,५०० ग्रॅम आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा रोग होतो, म्हणून येथील मर्यादा सैल ठेवली आहे. १९९६ मध्ये जन्मलेल्या व अशी तपासणी न झाल्याने अंध झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. बाळ घरी आले, दूध पिऊ लागले, बाळसे धरू लागले की 'आता डोळे कशाला तपासायचे' असे घरच्यांना वाटते; आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दुसरा टप्पा सुरू असतो.

डायलिसिसवरील मधुमेही रुग्ण

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. इंजेक्शनातून दिलेले एरिथ्रोपोएटिन तिच्या वडिलांच्या डोळ्यातील रक्तस्रावाला कारण ठरले असेल काय?

नेमके उत्तर एका रुग्णाबाबत देता येत नाही, पण काही गोष्टी निश्चित सांगता येतात. विकृत वाहिन्यांना बळ देणारे एरिथ्रोपोएटिन मुख्यतः दृष्टिपटलातच तयार झालेले असते, त्यामुळे इंजेक्शन नसतानाही रोग पुढे सरकतो. उलट, तीव्र रक्तक्षय स्वतःच दृष्टिपटलाची उपासमार वाढवितो व स्थानिक निर्मितीला चिथावणी देतो. त्यामुळे 'इंजेक्शन बंद करा, डोळा वाचेल' हा निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकेतील एली फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मूत्रपिंडविकार असलेल्या पाच मधुमेही रुग्णांची नोंद केली. एरिथ्रोपोएटिनने रक्तक्षय सुधारल्यावर त्यांपैकी तिघांच्या पीतबिंदूची सूज कमी झाली होती. पाच रुग्णांवरून नियम करता येत नाही, पण रक्तक्षय सुधारण्याचा डोळ्याला लाभ होऊ शकतो एवढे त्यातून दिसते.

दुसऱ्या बाजूला, हिमोग्लोबिन जितके वर नेता येईल तितके न्यावे, ही एके काळची वृत्ती आता सोडून देण्यात आली आहे. मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेल्या ४,०३८ रुग्णांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या संप्रेरकाचे दीर्घकाळ टिकणारे रूप वापरून हिमोग्लोबिन वर नेलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. तेव्हापासून रक्त चढविणे टळेल इतपतच, कमीत कमी मात्रा द्यावी असा दंडक आहे. डोळ्याच्या दृष्टीनेही हाच दंडक सुरक्षित वाटतो. त्यात प्रस्तुत लेखक एका गोष्टीची भर सुचवू इच्छितो. मधुमेही रुग्णाला हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी त्याच्या डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून दृष्टिपटल पाहिले जावे. नव्या वाहिन्या अगोदरच उगवल्या असतील तर तो रुग्ण दुसऱ्या टप्प्यात आहे. त्याचे लेझर वा डोळ्यातील इंजेक्शन थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. डायलिसिस केंद्रावर हृदयाचा आलेख काढला जातो, रक्तदाब दर तासाला मोजला जातो. डोळ्यांची चौकशी मात्र रुग्णाने तक्रार केल्यावरच होते. त्या मुलीच्या वडिलांचेही असेच झाले होते. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना डोळ्याचे ठाऊक नव्हते आणि नेत्रतज्ज्ञांना इंजेक्शनाचे.

पुढील दिशा

व्हीईजीएफप्रमाणे एरिथ्रोपोएटिनलाही डोळ्यात अडवावे, हा विचार पुढे येणे साहजिक होते. त्यातील अडचण वर आलीच आहे. त्याला पूर्णपणे अडविले तर विकृत वाहिन्यांबरोबर चेतापेशींचे कवचही जाईल. म्हणून काही संशोधक उलट्या बाजूने निघाले आहेत. एरिथ्रोपोएटिनच्या रेणूत असे बदल करावयाचे की, तो चेतापेशींचे रक्षण करील पण तांबड्या पेशी वाढविणार नाही. अशा एका लहान रेणूची, सिबिनेटाइडची, चाचणी पीतबिंदूला सूज असलेल्या मधुमेही रुग्णांवर ब्रिटनमध्ये झाली व २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. रुग्ण अवघे नऊ होते. औषध त्यांना मानवले, परंतु गट म्हणून पाहता दृष्टीत सुधारणा दिसली नाही. मूळ संप्रेरकाच्या रक्षक गुणाची मानवी परीक्षाही आतापर्यंत निराशाजनकच ठरली आहे. दृष्टिचेतेच्या दाहावर ते देऊन पाहणाऱ्या जर्मनीतील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, चेतातंतूंना संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. दुसऱ्या टप्प्याची सुरुवात डोळ्यात सुई न घालता, वेळेवर ओळखता येईल अशी खूण हाती येईपर्यंत हे संप्रेरक केव्हा द्यावे व केव्हा अडवावे, याचा निर्णय दृष्टिपटल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणाऱ्या तज्ज्ञालाच घ्यावा लागणार आहे.